गाळाचा रंग आणि पावतीपुस्तक

वाचक भगिनीचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

“प्रभूमध्ये सलाम. मी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या वैनगंगेकाठच्या एका खेड्यात राहते. कला शिक्षक पदविका केली आहे, पण नोकरी नाही. मुलांच्या शिकवण्या घेते, लग्नघरच्या भिंती रंगवते आणि नाताळात चर्चमधला गव्हाणीचा देखावा दरवर्षी माझ्याकडेच असतो. यंदा पोळ्याच्या तोंडावर नदीचे पाणी चार दिवस वावरांत उभे होते. गावातली अकरा आणि पलीकडच्या टोलीवरची तेवीस घरे पडली. उपासनेत बसले असताना मनात आले, की आपण चित्रे काढून विकावी आणि पैसा या घरांना द्यावा. चर्चमधल्या मंडळीच्या कमिटीला कल्पना आवडली आणि त्यांनी नोहाचे तारू काढायला सांगितले. माझ्या फोनमध्ये टोलीवरच्या एका आजीचा फोटो आहे. त्या छपरावर बसल्या आहेत आणि कवेत कोंबडी आहे. ते चित्र लगेच विकले जाईल, असे सगळे म्हणतात. भाऊ मात्र रागावला, ‘लोक चिखल उपसत आहेत आणि तू चित्रे कसली काढतेस?’ गावातले एक काका म्हणाले, ‘मदतीच्या नावाने तुम्ही धर्म वाढवणार.’ आमचीही दीड एकर धानाची बांधी वाळूखाली गेली आहे, पण ते मी कमिटीत बोलले नाही. मी हे काम हाती घ्यावे का, आणि घेतले तर कसे करावे?”

ताई, तुम्हालाही सलाम.

काम हाती घ्या, पण आधी तुमच्या भावाला न्याय देऊ, कारण त्याचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. घरात गुडघाभर गाळ असेपर्यंत कुंच्याला हात लावू नका. घमेले उचला, भिजलेल्या पोत्यांतले धान्य उन्हात पसरायला हात द्या, टोलीवरच्या मुलांची पुस्तके दोरीवर वाळत घाला. चित्रासाठी जे पाहायचे ते या कामातच डोळ्यांत साठेल. त्याच्या म्हणण्याचा उरलेला अर्धा भाग मला मान्य नाही. बायबलमधल्या निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात देवाने बसालेल नावाच्या कारागिराला आपल्या आत्म्याने परिपूर्ण केले, असे सांगितले आहे, आणि ते कशासाठी, तर सोने, रुपे, पितळ, पाषाण आणि लाकूड यांचे कारागिरीचे काम करण्यासाठी. कलाकुसर हे रिकामपणचे काम आहे, असे मोशेच्या काळी कुणी मानलेले दिसत नाही. यापो गावची टबीथा, जिला दुर्कस म्हणत, ती वारली तेव्हा विधवा बायका प्रेषित पेत्राभोवती रडत उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले अंगरखे नि वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. तिने हाताने केलेली वस्तू हीच तिची साक्ष होती. तेव्हा प्रश्न चित्र काढावे की नाही हा नाहीच. कोणते काढावे, कुणाला विचारून काढावे आणि त्यातून आलेला रुपया कुठून कुठे जावा, हे ठरवायचे आहे. श्रद्धा या तीन ठिकाणी दिसली तर पुरे, चित्रात क्रूस असो वा नसो.

नोहाच्या तारवापासून सुरुवात करतो, कारण इथे मला कमिटीच्या विरोधात बोलावे लागणार आहे. तारू दिसायला सुंदर विषय आहे. हत्ती येतात, कबुतर येते, इंद्रधनुष्य येते आणि रविवारच्या शाळेतल्या मुलांनाही ते आवडते. पण बायबलमधल्या उत्पत्तीच्या कथेत नोहा ज्यातून तारवात बसून वाचतो तो पूर मानवजातीच्या दुष्टाईवरचा न्याय आहे, आणि तारवाबाहेरचे सगळे बुडाले आहेत. ज्या टोलीवरची तेवीस घरे पडली तिच्या मदतीसाठी आपण तारू विकायला मांडले, तर ते विकत घेणारा आणि टोलीवरून ते पाहणारा यांना त्यातून काय ऐकू येईल, याचा विचार करा. आत आम्ही आणि बाहेर तुम्ही, असाच अर्थ निघेल. कमिटीच्या मनात तसे काही नसणार, हे मी जाणतो. चित्राला मात्र काढणाऱ्याच्या मनातले बोलता येत नाही, समोर जे दिसते तेवढेच ते बोलते.

शास्त्रातलाच विषय हवा असेल तर योहानाचा एकविसावा अध्याय उघडा. रात्रभर जाळी टाकून काहीही न मिळालेले कोळी पहाटे किनाऱ्याकडे येतात, तर तिथे कोळशांचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी ठेवलेली आणि जवळ भाकर. पुनरुत्थित प्रभू त्यांना न्याहारीला बोलावतो. वैनगंगेवर ढिवर समाजाची माणसे पहाटे डोंग्यातून परत येताना तुम्ही लहानपणापासून पाहिली आहेत. ओले धोतर, थंडीने आखडलेली बोटे, काठावर काटक्यांचा जाळ आणि त्यावर भाजत ठेवलेला मासा, हे काढायला तुम्हाला कुठलेही परदेशी चित्र समोर ठेवावे लागणार नाही. आणि प्रभूला धोतर नेसवले म्हणून कुणी नाक मुरडले, तर गोव्यात जन्मलेल्या चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांचे नाव सांगा. पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून त्यांनी साडी नेसलेली मरिया रंगवली, त्यासाठी स्वधर्मीयांचाच रोष पत्करला आणि तरीही १९६७ साली निधन होईपर्यंत ती वाट सोडली नाही.

पण माझे मत विचाराल, तर बहुतेक चित्रांत शास्त्रातला प्रसंग नसला तरी चालेल. पूर ओसरल्यावर मातीच्या भिंतीवर जी रेघ उरते, तिच्याकडे नीट पाहा. वरचा चुना पांढरा, खालचा भाग मातकट, आणि मधली कड सरळ नसते, लाटांनी थोडी थोडी खाल्लेली असते. २०२० साली ऑगस्टच्या शेवटी मध्य प्रदेशातल्या पावसाने संजय सरोवर धरणातून पाणी सुटले, गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि तुमच्या तालुक्यातली गावेच्या गावे पाण्याने वेढली. त्या वर्षीची रेघ अजून काही भिंतींवर असेल आणि यंदाची तिच्या वर किंवा खाली असेल. दोन रेघांमधले अंतर दाखवायला तिथे उभे राहिलेले शाळकरी पोर काढले, तर तेवढ्यात सगळी कहाणी येते. गाळात अर्धे रुतलेले जाते, फुगून उकललेली बांबूची कणगी, मुलांच्या तान्ह्या पोळ्यासाठी रंगवून ठेवलेला लाकडी नंदी आणि त्याचे धुऊन गेलेले डोळे, या वस्तू काढा. घर गेले म्हणजे नेमके काय गेले, हे नागपूरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला त्यातून कळेल.

आता आजींचा फोटो. तो तुम्ही काढला तेव्हा नाव यायची होती, गोंधळ होता, तुमचा हेतू चांगला होता, हे सगळे मला मान्य आहे. पण आजींनी तो फोटो काढायला सांगितले नव्हते. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस चळवळ आणि मदतसंस्था यांनी मिळून १९९४ साली आपत्तीतल्या मदतकार्यासाठी दहा कलमांची एक आचारसंहिता केली. तिचे शेवटचे कलम सांगते, की प्रसिद्धीसाठी काही छापताना वा दाखवताना आपद्ग्रस्तांना प्रतिष्ठा असलेली माणसे म्हणूनच दाखवावे, हताश वस्तू म्हणून दाखवू नये. मोठ्या संस्थांना हा नियम लिहून ठेवावा लागला, कारण रडका चेहरा लवकर पैसे आणतो, हे त्यांना अनुभवाने कळले होते. तुमच्या गावातल्या मंडळींनाही ते कळलेच आहे. ‘लगेच विकले जाईल’ या शब्दांत तेच आहे.

दुःखी माणूस काढूच नये, असे मात्र मी म्हणत नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्रकार झैनुल आबेदिन यांनी कलकत्त्याच्या रस्त्यांवरची उपाशी माणसे स्वस्तातल्या कागदावर काळ्या शाईने काढली, आणि ती रेखाटने आजही बघवत नाहीत नि विसरवत नाहीत. त्याच काळात चित्तप्रसाद मिदनापूरच्या खेड्यांतून फिरले. त्यांनी अनेक रेखाटनांसोबत त्या माणसाचे नाव आणि त्याची हकीकत लिहून ठेवली, त्यामुळे तो नुसता ‘दुष्काळग्रस्त’ उरला नाही. या रेखाटनांच्या त्यांच्या पुस्तकाच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त करून नष्ट केल्या, यावरून त्या रेषेत किती ताकद असेल याचा अंदाज यावा. तुम्हीही आजींना नावाने ओळखता. तेव्हा एखाद्या दुपारी कागद-पेन्सिल घेऊन टोलीवर जा, त्यांच्याजवळ बसा, फोटो दाखवा आणि विचारा. असे झाले की बहुतेक म्हातारी माणसे फोटोपेक्षा वेगळेच काहीतरी सांगू लागतात. कोंबडीच का घेतली, पेटी का नाही, हे त्या सांगतील आणि तुमचे चित्र बदलेल. त्या नाही म्हणाल्या, तर तिथेच बसून कोंबडीचे चित्र काढा, ते त्यांना देऊन या आणि फोटो पुसून टाका. हो म्हणाल्या तरी ते चित्र कुठे लागेल आणि किती रुपयांना विकले जाईल, हे त्यांना आधी माहीत असले पाहिजे.

गावातल्या काकांच्या बोलण्याने तुम्हाला वाईट वाटले, हे पत्रावरून दिसते. मला त्यांचा राग येत नाही. आपल्यापैकी कित्येक घरांचा इतिहास असा आहे, की पणजी किंवा खापरपणजी १८९६-९७ च्या किंवा १८९९-१९०० च्या दुष्काळात अनाथ होऊन मिशनच्या आश्रमात आली आणि तिथेच ख्रिस्ती झाली. पंडिता रमाबाई स्वतः त्या पहिल्या दुष्काळात मध्य प्रांतात आल्या आणि मरणाच्या दारातल्या मुलींना केडगावला घेऊन गेल्या. त्या मुली जगल्या, शिकल्या, आणि याबद्दल मी देवाचे आभारच मानतो. पण अन्न आणि धर्म एकाच हाताने दिले गेले, की घेणाऱ्याने काय स्वतःहून निवडले आणि काय भुकेपोटी, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही, स्वतः घेणाऱ्यालाही नाही. काकांच्या बोलण्यामागे ही शंभर-सव्वाशे वर्षांची आठवण आहे. मी वर सांगितलेल्या आचारसंहितेचे तिसरे कलम याच विषयावर आहे. एखादी राजकीय किंवा धार्मिक भूमिका पुढे नेण्यासाठी मदतीचा वापर करायचा नाही, असे ते म्हणते. चित्रावर वचन लिहायचे असेल तर जरूर लिहा, ते विकत घेणारा स्वतःच्या राजीखुशीने घेतो. टोलीवर जाणाऱ्या बियाण्याच्या पिशवीवर मात्र वचन नको, चर्चचे नाव नको, वाटपाआधी प्रार्थना नको आणि वाटतानाचे फोटोही नकोत. आणि शक्य असेल तर त्या काकांनाच वाटपाच्या दिवशी साक्षीदार म्हणून बोलवा. ते येतील की नाही, हे मला माहीत नाही, पण बोलावणे खरे असले पाहिजे.

पैशाबद्दल मी जरा विस्ताराने लिहिणार आहे. तुमच्या पत्रात त्याविषयी एक ओळही नाही, आणि माझ्या हातून झालेली मोठी चूक तिथलीच आहे. १९९१ साली ३० जुलैला वर्धा नदीने मोवाड गावात शिरून २०४ माणसांचा बळी घेतला. मी तेव्हा एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. मुलांकडून नाताळाची भेटकार्डे करून घेतली, ती घरोघरी विकली, आणि पैसा एका पत्र्याच्या डब्यात जमा केला. कुणाला द्यायचा, कशासाठी द्यायचा, हे ठरलेलेच नव्हते. मग बैठका झाल्या, रुसवेफुगवे झाले, आणि शेवटी एकाने सुचवले म्हणून घोंगड्या घेतल्या. त्या घेऊन आम्ही निघालो तेव्हा होळी झाली होती. विदर्भात होळीनंतर घोंगडी घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाकडे लोक ज्या नजरेने पाहतात, ती नजर मी अजून विसरलेलो नाही. त्यांनी घोंगड्या घेतल्या, पाणी दिले, चहाही दिला.

म्हणून पहिला कुंचला बुडवण्याआधी टोलीवर बसून यादी करा, की कोणत्या महिन्यात काय लागणार आहे. धान सडले त्यांना आता रब्बीच्या बियाण्याची गरज आहे. लाखोळी, हरभरा, जवस हे बांधीत ओल आहे तोवरच पेरले जाईल, आणि वाळू चढलेल्या बांधीत तर वाळू उपसल्याशिवाय तेही नाही, म्हणजे तिथे आधी ट्रॅक्टरचे भाडे लागेल. हा खर्च दिवाळीच्या आगेमागे उभा राहील. चित्रे जास्त विकली जातात ती नाताळात, म्हणजे बियाण्याची वेळ टळून गेल्यावर. तेव्हा कामाचे दोन भाग करा. आता लवकर होतील आणि हातात बसतील अशी छोटी कार्डे, पाच-पन्नास रुपयांची, आपल्याच तालुक्यात विकायची, आणि तो पैसा थेट बियाण्याला. नाताळात मोठी चौकटीची चित्रे नागपूरच्या मंडळ्यांत मांडायची आणि तो पैसा राखून ठेवायचा उन्हाळ्यासाठी, जेव्हा छपरावरचे कवेलू फेरायचे आणि नव्या भिंती उभ्या करायचे दिवस येतात. आपली माणसे कलेला पैसे देत नाहीत, असे कुणी म्हणाले तर ऐकू नका. दिवाळीनंतर वडशापासून सिंदेवाहीपर्यंत झाडीपट्टीतली नाटके तिकीट काढून रात्रभर पाहणारी हीच माणसे आहेत.

खाते तुमच्या नावाचे नको. तुमच्या फोनवर पैसे आले की पहिल्या दिवशी कुणी काही म्हणत नाही, दहाव्या दिवशी कुजबूज सुरू होते. चर्चचा न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असेल तर त्याच्याच बँक खात्यात रक्कम जाऊ द्या, आणि कमिटीने ठराव करून ती याच कामासाठी वेगळी दाखवावी. नोंदलेला नसेल, तर जमवाजमव सुरू करण्याआधी जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात चौकशी करा, किंवा नोंदलेल्या संस्थेच्या खात्यात परस्पर भरणा करायची सोय करा. एखादा परदेशी नागरिक वा परदेशातली मंडळी देणगी पाठवतो म्हणाली, तर नम्रपणे नाही म्हणा. त्यासाठी २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच यावा लागतो. खेड्यातल्या मंडळीने त्या भानगडीत पडू नये. प्राप्तिकराच्या सवलतीबद्दल विचारणाऱ्यांना स्पष्ट सांगा, की चित्राची किंमत ही किंमत आहे, ती देणगी होत नाही. ज्याला सवलत हवी त्याने देणगीवर करसवलतीची मान्यता असलेल्या संस्थेला किंवा मुख्यमंत्री सहायता निधीला वेगळी देणगी द्यावी, आणि दोन हजारांच्या वरची रोख रक्कम असेल तर तीही सवलत मिळत नाही.

कागदपत्रांच्या या कटकटीने मोठमोठ्यांना घेरले आहे. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी गायक जॉर्ज हॅरिसन आणि सतारवादक पंडित रविशंकर यांनी संगीताचा मोठा कार्यक्रम केला. तिकिटांचा पैसा युनिसेफला पोचला. पण नंतरच्या ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटाचे उत्पन्न वर्षानुवर्षे अमेरिकेच्या कर खात्याच्या घोळात अडकून पडले, कारण करमाफीची व्यवस्था आधी केलेली नव्हती. गाणारे खरे होते, ऐकणारे खरे होते, उपाशी माणसेही खरी होती.

आणि हे शास्त्राला सोडून आहे, असे समजू नका. अंत्युखियाच्या शिष्यांनी अगब नावाच्या संदेष्ट्याच्या तोंडून दुष्काळाची वार्ता ऐकली, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे यहूदीयातल्या बंधूंसाठी मदत ठरवली आणि ती बर्णबा व शौल यांच्या हाती पाठवली. पुढे हाच शौल, म्हणजे प्रेषित पौल, यरुशलेमसाठी वर्गणी गोळा करतो, तेव्हा करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात आठव्या अध्यायात तो बजावतो, की या मोठ्या रकमेच्या बाबतीत कुणी आम्हांला दोष देऊ नये म्हणून आम्ही जपतो. म्हणून तो मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतो. प्रेषिताला साक्षीदार लागला, तर आपल्याला पावतीपुस्तक लागणारच. उजव्या हाताचे डाव्याला कळू नये, हे वचन लोक मला नेहमी ऐकवतात. ते स्वतःच्या खिशातल्या दानाबद्दल आहे, लोकांच्या पैशाचा हिशेब लपवण्यासाठी नाही. चर्चच्या फलकावर दर रविवारी तीन आकडे लिहा, आले किती, खर्च किती, पोचले किती.

किंमत ठरवताना खर्च आधी मोकळेपणाने वजा करा. समजा चौकटीचे चित्र ६०० रुपयांना ठेवले आणि त्यात काच-चौकट २२०, कागद-रंग ४० लागले, तर मागे लिहा, ‘यातले ३४० रुपये पूरनिधीला’. सगळे सहाशे जातात असे भासवू नका, आणि खर्च पदरचा घालून कर्जातही जाऊ नका. किती चित्रे करायची हेही आधीच ठरवा. निर्गमाच्या छत्तिसाव्या अध्यायात देवाच्या निवासमंडपासाठी लोक इतके आणू लागले, की कारागीर मोशेकडे तक्रार घेऊन गेले आणि त्याने छावणीत दवंडी पिटून देणे थांबवले. आमच्या कमिट्यांना तो अध्याय कुणी वाचून दाखवत नाही.

आता थोडे तुमच्या-माझ्या धंद्याचे. बाजारचे रंग घ्यावेच लागतील असे नाही. नदीने आणून टाकलेला गाळच रंग म्हणून वापरता येतो, आणि विकत घेणाऱ्याच्या हातात त्या पुराचीच माती जाते. मात्र शेतातून आलेल्या गाळात फवारणीची औषधे आणि गावची घाण असते, म्हणून हातमोजे घाला आणि मुलांना यात घेऊ नका. गाळ कडक उन्हात वाळवा, मग बादलीभर पाण्यात ढवळून मिनिटभर थांबा. वाळू तळाशी बसली की वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता, आणि असे तीन-चार वेळा करा. शेवटच्या भांड्यात रात्रभर जे बसेल ते लोण्यासारखे मऊ असते. बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक रात्री भिजत घालून सकाळी फडक्यातून गाळून घ्या, त्यात लवंगेच्या तेलाचा एक थेंब टाका म्हणजे बुरशी धरणार नाही, आणि मातीत थोडाथोडा मिसळा. तुकड्यावर लावून वाळल्यावर बोट फिरवा. बोटाला पूड लागली तर डिंक कमी आहे, रंग चकाकून तडकला तर जास्त झाला. गेरू, चुना, चुलीवरची काजळी आणि हा गाळ, एवढ्या चार रंगांत भिंतीवरची ती रेघ उत्तम उतरेल. निळा नसला तरी अडत नाही, पुराचे पाणी निळे नसतेच.

राहता राहिली तुमची दीड एकर. ती तुम्ही कमिटीत बोलला नाहीत, आणि मला तुमच्या पत्रातले सर्वांत जड वाक्य तेच वाटले. तलाठ्याकडे पंचनाम्यात तुमची नोंद झाली आहे का, ते आधी पाहा. संकोचाने राहिली असेल तर उद्याच जा. सरकारी मदत घेणे आणि दुसऱ्यासाठी चित्र काढणे यात काहीही विसंगत नाही. चित्रांच्या मजुरीबद्दलही तसेच. चौकटीच्या चित्रामागे स्वतःची थोडी मजुरी धरली आणि ती मागच्या हिशेबात उघड लिहिली, तर त्यात पाप नाही. कामकरी आपल्या मजुरीला योग्य आहे, असे प्रभूनेच शिष्यांना पाठवताना सांगितले. बियाण्याच्या यादीत तुमच्या घराचेही नाव इतरांसारखेच यावे. फक्त कुणाला किती द्यायचे, हे ज्या संध्याकाळी ठरेल त्या बैठकीत तुम्ही बसू नका. पाळकसाहेबांना आधी सांगून ठेवा, की आमची दीड एकर गेली आहे, निर्णय तुम्ही घ्या. आणि तेवढ्या वेळात घरी जाऊन दुसऱ्या दिवशीचा डिंक भिजत घाला.